जुन्या मोटारीला तार कोणती?



पदार्थविज्ञानाच्या तासाला तुम्ही ओहमचा नियम घोकतां, फळ्यावरील उदाहरणें सोडवितां, आणि परीक्षा संपली म्हणजे तो नियम वहीबरोबरच मिटून ठेवितां. ह्याचा व्यवहारांत उपयोग काय, असा प्रश्न तुमच्यापैकीं पुष्कळांनीं आम्हांस विचारिला आहे. गेल्या वर्षीं एका जुन्या मोटारीनें त्याचें उत्तर दिलें, आणि तें देतांना आमचा थोडा गर्वहि उतरविला. तें उत्तर येथें मांडण्याचें योजिलें आहे. विषय दिसावयास अगदीं लहान आहे: जुनी मोटार पुन्हा चालती करतांना तिच्या स्पार्क प्लगांच्या तारा कशा निवडाव्या?

ही मोटार आमच्या एका सेवानिवृत्त शिक्षकांची. त्यांच्याच वर्गांत बसून आम्ही विज्ञान शिकलों. म्हणून ह्या लेखांत त्यांना नुसतें 'सर' म्हणण्याची मोकळीक आम्ही घेतों. गाडी १९६८ सालची फियाट. मुंबईंतील कुर्ला येथें प्रीमियर ऑटोमोबाईल्स ह्या कंपनीचा कारखाना होता. ही कंपनी वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिली. ह्या कारखान्यांत १९६४ पासून फियाट ११००-डी तयार होऊं लागली, आणि १९७४ पासून तीच 'प्रीमियर पद्मिनी' ह्या नांवानें ओळखली गेली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून तुम्हीं तिला चित्रपटांत पाहिलें असेल; ऑक्टोबर २०२३ मध्यें तेथील पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची निवृत्त झाली. सरांच्या गाडीचा उपयोग निराळा होता. वसतिगृहांतील एखादा मुलगा रात्रीं तापानें फणफणला, तर मागच्या आसनावर त्याला निजवून सर रुग्णालयांत नेत. तसे नेलेल्या मुलांत आम्हीहि होतों.

पुढें सरांची दृष्टि मंदावली, आणि गाडी पत्र्याच्या छपराखालीं बारा वर्षें उभी राहिली. उन्हाळ्याच्या सुटींत नववी-दहावीचीं कांहीं मुलें व आम्ही मिळून ती चालती करावी असें ठरलें. टाकी धुतली, कार्बुरेटर उघडून साफ केला, ब्रेकचें काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घेतलें. प्लगांच्या तारांवरील रबर मात्र बोट लावतांच पापडासारखें तुटूं लागलें. नव्या तारा आणणें प्राप्त होतें. दुकानदारानें "गाडी कोणती? टोपण कसलें?" असें रीतीप्रमाणें विचारिलें. आम्ही मात्र मांडलेल्या तारांकडे पाहून म्हणालों, "ह्या लाल, जाड आहेत त्या द्या." त्या ८ मिलिमीटर जाडीच्या होत्या. जाड तें भक्कम, आणि महाग तें उत्तम, एवढाच आमचा विचार. मुलांनीं तारा बसविल्या, गाडी सुरू झाली, आणि मैदानाला तीन फेऱ्या घालून आम्हीं छायाचित्रहि काढविलें.

जुलैच्या एका रविवारीं सायंकाळची उपासना आटोपून सर व बाई यांना घेऊन आम्ही धंतोलीकडे परतत होतों. पाऊस कोसळत होता. वाटेंत इंजिन अडखळूं लागलें, दोन धक्के दिले आणि बंद पडलें. रिक्षा मिळेना. गळक्या दारांतून पाणी आंत येऊं लागलें, तेव्हां एका बंद दुकानाच्या वळचणीला त्या दोघां वृद्धांना आम्हीं पाऊण तास उभें केलें. सरांना त्याच रात्रीं ताप भरला. छाती भरून आली, आणि पांच दिवस ते रुग्णालयांत होते. ज्या गाडींतून त्यांनीं आम्हांला रुग्णालयांत नेलें, तिनेंच आमच्या हलगर्जीपणामुळें त्यांना तेथें पोंचविलें. भेटावयास गेलों तेव्हां मुलें खालीं मान घालून उभीं होतीं. सरांनीं आम्हांला बोल लावला नाहीं. एवढेंच विचारिलें, "तारांचा रोध किती भरला होता?" आम्हीं तो मोजलाच नव्हता.

शाळेला परतल्यावर आम्ही धड्याला आरंभापासून लागलों. तोच धडा आतां तुमच्यापुढें ठेवितों.

ठिणगीचा प्रवास

ह्या मोटारीच्या बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. प्लगच्या दोन टोंकांमध्यें अर्ध्यापाऊण मिलिमीटरची फट असते. परंतु ठिणगी पडावयाच्या वेळीं तिच्यांत पेट्रोलची वाफ व हवा यांचें दाबलेलें मिश्रण भरलेलें असतें, आणि दाबलेल्या वायूंतून ठिणगी काढणें उघड्या हवेपेक्षां पुष्कळ कठीण. बारा व्होल्टांचें तें काम नव्हे. त्यासाठीं कॉईल असते. तिच्या आंत लोखंडी गाभ्याभोंवतीं जाड तारेचे थोडे व बारीक तारेचे पुष्कळ वेढे असतात. पॉइंट उघडले कीं थोड्या वेढ्यांतील प्रवाह एकाएकीं तुटतो, आणि मायकेल फॅरेडे यांनीं १८३१ सालीं दाखविलेल्या प्रवर्तनाच्या नियमानें पुष्कळ वेढ्यांत दहा-वीस हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. बॅटरी, कॉईल व पॉइंट यांची ही जुळणी अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांनीं १९१० च्या सुमारास मोटारीसाठीं सिद्ध केली, आणि पुढें अर्धशतकाहून अधिक काळ जगांतील बहुतेक मोटारी तिच्यावरच चालल्या.

कॉईलमधून एक तार डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाच्या मध्यभागीं जाते. आंत फिरणारा रोटर तो दाब पाळीपाळीनें टोपणाच्या चार टोंकांना देतो, आणि तेथून चार तारा चार प्लगांकडे जातात. म्हणजे एकूण तारा पांच. आतां हिशेब करा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार धावांच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते. म्हणजे मिनिटाला १५००. चार सिलिंडरांच्या मिळून ६०००. म्हणजे सेकंदाला १००. मधल्या तारेंतून ह्या सर्व ठिणग्या जावयाच्या. त्यांपैकीं चार-दोन चुकल्या तरी इंजिन 'मिसिंग' करूं लागतें.

यावरून तारेचीं कामें दोन ठरतात: दाब प्लगपर्यंत पोंचविणें, आणि तो वाटेंत कोठेंहि निसटूं न देणें. पहिलें काम तारेच्या गाभ्याचें, दुसरें आवरणाचें. जाडीचा विचार ह्या दोहोंनंतरचा.

गाभ्याचे तीन प्रकार

पहिला प्रकार तांब्याच्या पिळाचा. अनेक बारीक तारा एकत्र पिळलेल्या असतात. रोध जवळजवळ शून्य. १९६८ च्या सुमाराच्या आपल्याकडील गाड्यांना ह्याच तारा असत.

दुसरा प्रकार कार्बनचा. ह्यांत धातूची तार नसतेच. कांचतंतूंच्या किंवा तत्सम धाग्यांच्या दोरीला कार्बन चढविलेला असतो. तिचा रोध मुद्दाम ठेविलेला असतो. तो फुटामागें कांहीं हजार ओहम भरतो.

तिसरा प्रकार वेढ्यांचा. मधल्या दोरीभोंवतीं अतिशय बारीक धातूची तार मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. रोध कार्बनहून पुष्कळ कमी. परंतु वेढ्यांमुळें प्रवाहांतील अतिजलद चढउतारांना अडथळा होतो.

मुद्दाम रोध कशाला घालावयाचा, असें तुम्ही विचाराल. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक लहानसें रेडिओ-प्रक्षेपण केंद्रच होय. तांब्याच्या उघड्या तारेंतून ठिणगी उडाली कीं विद्युच्चुंबकीय लहरी चोहोंकडे फांकतात. नागपूरचें आकाशवाणी केंद्र १९४८ सालीं सुरू झालें. ज्यांच्या घरीं जुना रेडिओ आहे त्यांना विचारा, दारावरून फटफटी गेली म्हणजे गाण्यांत कशी खरखर होई. ती खरखर दाबण्यासाठीं रोधाची योजना झाली. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसविलेल्या गाडींत तर हा प्रश्न केवळ गाण्याचा राहत नाहीं. ठिणगीच्या लहरींनीं ती यंत्रणाच गोंधळूं शकते. अशा गाडीला निव्वळ तांब्याची तार घालूं नये. कार्बनची किंवा वेढ्यांची घालावी.

इतक्या रोधानें ठिणगी दुबळी होत नाहीं काय? येथें तुमचा ओहमचा नियम उपयोगी पडतो. दाबांतील घट म्हणजे प्रवाह गुणिले रोध. फटींतून ठिणगी उडेपर्यंत तारेंतून वाहणारा प्रवाह नगण्य असतो. म्हणून घटहि नगण्य, आणि कॉईलचा दाब जवळजवळ पूर्णपणें प्लगला पोंचतो. ठिणगी उडाल्यावर प्रवाह वाहतो. तो ५० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०५ अँपिअर धरा. रोध १०,००० ओहम धरला तर घट ५०० व्होल्ट. वीस हजारांपुढें ही रक्कम लहानच. तेव्हां 'तांब्याच्या तारेनें गाडीचा जोर वाढतो' ह्या समजुतींत फारसा अर्थ नाहीं. परंतु रोधावर रोध चढवीत जाणेंहि शहाणपणाचें नाहीं. अनेक कंपन्यांच्या प्लगच्या क्रमांकांत 'आर' हें अक्षर असतें. त्या प्लगमध्यें आधींच सुमारें पांच हजार ओहमांचा रोध असतो. रोधाची प्लगटोपी, रोधाचा प्लग आणि कार्बनची तार हीं तिन्ही एकाच ठिकाणीं गोळा करण्यापूर्वीं बेरीज करून पाहावी.

आवरण

पूर्वीच्या तारांवर रबर आणि त्यावर रोगण दिलेली सुती वीण असे. रबराचे वैरी तीन: उष्णता, तेल व ओझोन. अतिउच्च दाबाच्या तारेभोंवतीं हवेंतील प्राणवायूचा ओझोन बनतो, आणि तो नैसर्गिक रबराला भेगा पाडतो. नागपूरच्या वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां बॉनेटखालीं काय होत असेल याची कल्पना करा. म्हणून आतां सिलिकोनचें आवरण चांगलें समजतात. तें २०० अंशांच्या आसपासची उष्णताहि सोसतें. मात्र तें मऊ असल्यानें धारेवर घासलें तर लौकर फाटतें. शिवाय बंद गाडींत उंदीर शिरतात, आणि उंदराला सिलिकोन व रबर यांत भेद नाहीं.

गाडीचें जुनें रूप राखावयाचें असेल तर बाहेरून सुती वीण आणि आंत नवें आवरण अशाहि तारा मिळतात. भारत सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपांत राखलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येते. त्यांत हरकत आहे ती चासी, सांगाडा किंवा इंजिन यांतील फेरबदलास. झिजलेल्या तारा बदलण्यास कोणतीच आडकाठी नाहीं. तथापि रूप राखण्याच्या हौसेनें कुजलेलें रबर ठेवणें आणि नवेपणाच्या हौसेनें न बसणारी तार घालणें, ह्या दोन्ही चुका सारख्याच होत.

दोन टोंकें

आमची चूक येथेंच झाली होती. डिस्ट्रिब्युटरचीं टोपणें निरनिराळ्या रीतींचीं असतात. कांहींत तारेच्या टोंकाला पितळी टोपी दाबून बसवितात आणि ती भोंकांत घट्ट रुतते. कांहींत मात्र टोपणाच्या आंतून एक टोंकदार स्क्रू असतो. तार भोंकांत सारून स्क्रू आवळला कीं त्याचें टोंक तारेच्या गाभ्यांत घुसतें. ही दुसरी रीत तांब्याच्या पिळासाठीं योजिलेली आहे. पिळांत स्क्रू घुसला म्हणजे तो अनेक तारांना एकदम भिडतो. कार्बनच्या दोरींत घुसला तर दोरी चिरते, स्पर्श कच्चा राहतो, तेथें आंतल्या आंत ठिणग्या उडतात, आणि कार्बन हळूहळू जळून जातो.

सरांच्या गाडीवर ह्या दुसऱ्या रीतीचें टोपण होतें. भोंकें ७ मिलिमीटर तारेचीं. आणि आमच्या लाल तारा ८ मिलिमीटर, कार्बनच्या. त्या आंत जाईनात तेव्हां मुलांनीं आमच्यासमक्ष चाकूनें आवरण तासून त्या बसविल्या होत्या, आणि आम्हीं त्यांच्या युक्तीचें कौतुक केलें होतें! आतां तारा काढून मीटर लावला. तीन तारांचा रोध सहा ते आठ हजार ओहम भरला. चौथीचा कांटा हललाच नाहीं. मधली तार कधीं पंधरा हजार दाखवी, कधीं कांहींच नाहीं. तासलेल्या जागीं पाण्याला वाट मिळाली होती, आणि टोपणाच्या आंत काळी रेघ उमटली होती. त्या ओल्या रेघेवरून दाब पळून जात होता. उन्हांत गाडी चालली आणि पावसांत थांबली, याचें कारण एवढेंच.

निवड व जोडणी

ह्या अनुभवावरून जो क्रम आम्हीं शाळेच्या वहींत लिहून ठेविला तो असा:

१. प्रथम टोपण उघडून पाहावें. टोंकदार स्क्रू असल्यास तांब्याच्या पिळाचीच तार घ्यावी. पितळी टोपीचें असल्यास तिन्ही प्रकार चालतील.

२. पॉइंट आहेत कीं इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, हें पाहावें. पॉइंट असल्यास तांबें चालतें. मात्र शेजाऱ्यांच्या रेडिओसाठीं प्लगांवर सुमारें पांच हजार ओहमांच्या रोधाच्या टोप्या किंवा रोधाचे प्लग घालावे. टोंकदार स्क्रूच्या टोपणाबरोबर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असल्यास टोपणच बदलावें.

३. भोंकाचें माप घ्यावें. जी तार न तासतां घट्ट बसेल तीच योग्य जाडीची.

४. लांबी सुतळीनें मोजावी. तार ताणलेली नसावी, आणि तापलेल्या धुराच्या नळीवर लोळणारीहि नसावी.

५. जुन्या तारा एकदम न काढतां एकेक काढून तिच्या जागीं नवी घालावी, म्हणजे क्रम चुकत नाहीं. ह्या इंजिनाचा ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे.

६. क्रमांक ३ व ४ च्या तारा एकमेकींना चिकटून दूरवर समांतर नेऊं नयेत. तीननंतर लगेच चारची पाळी असते. तीनमधील धक्क्यानें चारमध्यें दाब प्रवर्तित होऊन अवेळीं ठिणगी पडूं शकते. दोन व एक ह्यांचेंहि तसेंच. लहान आंकडे लावून तारा विलग ठेवाव्या.

७. बसविण्यापूर्वीं प्रत्येक तारेचा रोध मोजून लिहून ठेवावा. मोजतांना तार हलवावी. कांटा नाचला तर ती तार परत करावी.

८. शेवटीं अंधार पडल्यावर, गाडी मोकळ्या हवेंत उभी करून, इंजिन चालू असतांना तारांवर पाण्याचा अगदीं बारीक फवारा मारावा. कोठें निळी चमक दिसली तर तेथें आवरण फुटलें आहे असें समजावें. ही परीक्षा शिक्षकानें किंवा मिस्त्रीनें करावी, विद्यार्थ्यांनीं दुरून पाहावी. चालू इंजिनाच्या तारेला हात लावूं नये. प्रवाह थोडा असला तरी धक्का जबर बसतो. त्या धक्क्यानें हात झटक्यासरशीं पंख्यांत गेल्यास अनर्थ होईल. तारा काढतांना प्रथम बॅटरीचें एक टोंक सोडावें, आणि तार न ओढतां प्लगावरची टोपी धरून किंचित् पिरगाळून काढावी.

ह्याप्रमाणें आम्हीं नवें टोपण, नवा रोटर आणि ७ मिलिमीटर जाडीच्या काळ्या, तांब्याच्या पिळाच्या तारा आणल्या. प्लगांवर रोधाच्या टोप्या घातल्या. लाल तारांहून ह्या स्वस्त पडल्या. अंधारांत फवारा मारला. निळी चमक कोठेंहि दिसली नाहीं. मग दोन आठवडे रोज पावसांत आम्ही एकट्यानेंच गाडी वर्धा रस्त्यानें नेऊन आणिली. सरांना बसा म्हणण्याचा धीर त्यानंतर झाला.

सप्टेंबरच्या एका रविवारीं गाडी त्यांच्या दारीं उभी केली. बाई छत्री घेऊन पुढें झाल्या. सर मात्र पायरीवर थांबले आणि म्हणाले, "आधीं वही दाखवा." एका मुलानें वही उघडली. चष्मा कपाळावर चढवून, पान डोळ्यांशीं धरून त्यांनीं पांचहि तारांचे आंकडे वाचले, मधल्या तारेच्या आंकड्यावर क्षणभर बोट ठेविलें, आणि मान हलवून ते गाडींत बसले. उपासनेची घंटा होण्यापूर्वीं आम्ही पोंचलों.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या हातून पुढें मोटारीच काय, आणखी पुष्कळ यंत्रें दुरुस्त होतील, आणि त्यांच्यावर कोणीतरी विसंबून बसेल. नवी वस्तु घेण्यापूर्वीं ती कोठें बसावयाची आहे तें उघडून पाहा, आणि बसविण्यापूर्वीं मोजा. आम्हीं वापरलेली ती वही व जळालेली लाल तार प्रयोगशाळेच्या कपाटांत ठेविली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनीं मधल्या सुटींत यावें. मीटरहि तेथेंच आहे.